मोबाइलचे कव्हर आणि आतील संवेदक : दोष ओळखण्याची व दूर करण्याची सोपी रीत

पिकाच्या रक्षणासाठी आपण कुंपण घालतो. परंतु कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावयाची, असे आपल्याकडे म्हणतात. मोबाइलच्या कव्हराची गोष्ट काहीशी अशीच आहे. फोन हातातून निसटून ढेकळांवर वा दगडावर पडला तरी फुटू नये, यासाठी कव्हर घालणे शहाणपणाचेच आहे. मात्र कित्येकदा हेच कव्हर फोनच्या आतील नाजूक संवेदकांच्या कामात अडथळा आणते आणि दोष मात्र फोनला, सरकारी ॲपला किंवा गावातील कर्मचाऱ्याला दिला जातो.

मागील खरिपात प्रस्तुत लेखकास याचा प्रत्यक्ष अनुभव आला. एका शेतकरी भगिनीच्या सोयाबीनची पीक पाहणी काही केल्या नोंदली जात नव्हती. त्या स्वतःच्या शेतात उभ्या असूनही फोन त्यांना गटापासून दूर दाखवीत असे व छायाचित्र स्वीकारले जात नसे. अशा तीन खेपा झाल्या होत्या आणि मुदत संपण्यास थोडेच दिवस उरले होते. त्या म्हणाल्या, “साहेब, फोन पडू नये म्हणून पोरानं लोखंडी कव्हर घातलं, आता नोंदच पडेना.” त्यांच्या बोलण्यातच उत्तर दडलेले होते. शेजाऱ्याच्या साध्या कव्हरातील फोन त्याच बांधावर बरोबर जागा दाखवीत होता. भगिनींच्या फोनचे कव्हर काढले, दोन मिनिटे उघड्यावर थांबलो आणि नकाशावरील ठिपका त्यांच्या गटात येऊन स्थिरावला. नोंद झाली.

ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून शेतकऱ्याचा फोन हे शेतीच्या दप्तराचे एक साधन झाले आहे. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर पीककर्ज, विमा, आधारभूत किमतीने विक्री व नुकसानभरपाई अशा प्रत्येक ठिकाणी अडचण येते. म्हणून हा विषय क्षुल्लक न मानता प्रत्येक ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने समजून घेतला पाहिजे.

संवेदक म्हणजे काय?

माणसाला जसे डोळे, कान व त्वचा, तसे फोनला संवेदक. त्यांनाच सेन्सर असेही म्हणतात. दिशा ओळखणारा, कान जवळ आला हे ओळखणारा, उजेड मोजणारा, हालचाल जाणणारा असे निरनिराळे संवेदक फोनमध्ये बसविलेले असतात. उपग्रहांचे संदेश घेणारा जीपीएस ग्राहक हाही त्यांच्याच पंक्तीत बसतो. कव्हराचा उपद्रव चार प्रकारचा असतो : चुंबकाचा, धातूचा, झाकले जाण्याचा व उष्णतेचा. उपद्रव कोणत्या प्रकारचा हे ओळखले की उपाय आपोआप सुचतो.

१. चुंबकाचा उपद्रव

पाकिटासारखी उघडमिट होणारी कव्हरे बंद राहावीत म्हणून त्यांच्या झाकणात लहान चुंबक बसविलेला असतो. अलीकडील काही कव्हरांत पाठीमागे चुंबकाची गोल कडीही असते. तसेच ट्रॅक्टरवर वा मोटारसायकलवर फोन चिकटवून ठेवता यावा म्हणून कव्हर व फोन यांच्यामध्ये लोखंडी पत्र्याचा तुकडा सरकवून ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते.

फोनमधील होकायंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वावर चालते. हे चुंबकत्व फार क्षीण असून पृथ्वीच्या पृष्ठभागावर ते साधारणपणे २५ ते ६५ मायक्रोटेस्ला इतके असते. घरातील शीतकपाटाच्या दारावर चिकटवितात त्या साध्या चुंबकाच्या पृष्ठभागाशी ते याच्या शेकडो पट असू शकते. असा चुंबक फोनला टेकून असेल, तर होकायंत्र उत्तरेऐवजी त्या चुंबकाचेच ऐकते. मग नकाशावरील बाण पूर्वेकडे वळलेला असताना आपण प्रत्यक्षात दक्षिणेकडे तोंड करून उभे असतो. नवख्या शिवारात गट शोधणारा कार्यकर्ता यामुळे भलत्याच बांधावर पोहोचतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. चुंबकामुळे जीपीएस बिघडत नाही. चुंबक दिशा बिघडवितो, जागा नव्हे. ठिपका योग्य जागी पण बाण भलतीकडे, असे दिसल्यास संशय चुंबकावर घ्यावा.

चुंबकाचा दुसरा परिणाम पडद्यावर होतो. झाकण मिटले की पडदा आपोआप विझावा यासाठी अनेक फोनांत एक निराळा चुंबक-संवेदक असतो. त्याचे तत्त्व एडविन हॉल या शास्त्रज्ञाने १८७९ साली शोधून काढले, म्हणून त्यास हॉल संवेदक म्हणतात. छायाचित्र काढण्यासाठी झाकण पाठीमागे दुमडले, की काही फोनांत तो चुंबक ह्या संवेदकासमोर येतो व पडदा मध्येच विझतो. झाकण सरळ उघडे ठेवल्यास पडदा टिकत असेल, तर दोष कव्हराचाच समजावा.

कव्हरात चुंबक आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी शिवणाची सुई दोऱ्याला टांगून कव्हराच्या सर्व बाजूंवरून हळू फिरवावी. सुई ओढली गेल्यास तेथे चुंबक आहे. लोखंडी पत्रा ओळखण्यासाठी शाळेतील चुंबक पुरतो. परंतु ही परीक्षा कव्हर फोनवरून काढल्यावरच करावी. कव्हरात नाणी ठेवण्याची सवयही सोडावी. हल्लीची १ व २ रुपयांची नाणी चुंबकास चिकटणाऱ्या पोलादाची असतात.

कव्हर काढल्यावरही दिशा चुकत असेल तर होकायंत्र पुन्हा जुळवून घ्यावे. त्यासाठी फोन हातात धरून हवेत इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे काही वेळा फिरवावा. हे काम विहिरीवरील मोटर, ट्रॅक्टर, लोखंडी फाटक व पत्र्याची शेड यांपासून दूर उभे राहून करावे. चुंबक तसाच ठेवून जुळवणी केल्यास लाभ टिकत नाही. कारण झाकण उघडले वा मिटले की चुंबकाची जागा बदलते आणि केलेली जुळवणी व्यर्थ जाते.

दिशा बरोबर आहे की नाही हे रात्री ध्रुवताऱ्यावरून पडताळून पाहता येते. आपल्या राज्यात होकायंत्राची उत्तर व खरी उत्तर यांत सुमारे एक अंशाच्या आतच फरक पडतो, म्हणून ही परीक्षा व्यवहारास पुरेशी आहे.

२. धातूचा उपद्रव

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून संदेश पाठवितात. जमिनीवर पोहोचेपर्यंत ते अत्यंत क्षीण झालेले असतात. त्यांच्या मुख्य लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, म्हणजे एका वितीहून किंचित कमी असते. अशा लहरी प्लॅस्टिक, रबर, कातडे व कापड यांतून सहज पार होतात. धातूतून मात्र जात नाहीत. म्हणून लोखंडी वा ॲल्युमिनियमच्या कव्हरात, किंवा धातूचा मुलामा दिलेल्या चकचकीत कव्हरात, फोनला उपग्रह कमी दिसतात.

उघड्या आकाशाखाली चांगला फोन आपली जागा सुमारे ५ मीटरच्या आत सांगतो. संदेश अडले की ही चूक कितीतरी पटीने वाढते आणि अरुंद पट्ट्याच्या शेतात ठिपका शेजाऱ्याच्या गटात जाऊन बसतो. नकाशाच्या ॲपमध्ये निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळे वर्तुळ दिसते. ते जितके मोठे, तितकी फोनला स्वतःच्या जागेची खात्री कमी. वर्तुळ लहान होईपर्यंत नोंद करू नये.

३. झाकले जाण्याचा उपद्रव

फोनवर बोलताना पडदा विझतो, तो कानाजवळील संवेदकामुळे. बहुतेक फोनांत हा संवेदक डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर टाकतो व गालावरून परत आलेला प्रकाश पाहून ‘कान जवळ आला’ असे समजतो. कव्हराची जाड कड, पडद्यावर चिकटविलेल्या काचेची काळी किनार, घाम, तेलकटपणा किंवा मळणीच्या वेळची धूळ ह्या संवेदकावर आली, तर प्रकाश तेथूनच परत फिरतो. फोनला वाटते कान अजून जवळच आहे. बोलणे संपले तरी पडदा काळाच राहतो व फोन ठेवताही येत नाही.

उजेड मोजणारा संवेदक सामान्यतः याच भागात असतो. तो झाकला गेला की फोनला अंधार झाल्यासारखे वाटते व भर उन्हात पडदा मंद होतो. शेतात काहीच वाचता येत नाही अशी तक्रार आली, तर प्रथम ही जागा कोरड्या मऊ फडक्याने पुसावी.

कॅमेऱ्याजवळील कव्हराची कडही पाहावी. रात्री दिवा लावून काढलेल्या छायाचित्रावर पांढुरके धुके दिसत असेल, तर दिव्याचा उजेड कव्हराच्या कडेवरून भिंगात शिरत आहे असे समजावे. पानावरील कीड वा रोगाचे ठिपके तज्ज्ञास दाखवावयाचे असता असे छायाचित्र निरुपयोगी ठरते. समोरच्यास आपला आवाज नीट ऐकू येत नसेल, तर फोनच्या खालच्या कडेचे बारीक छिद्र कव्हराने झाकले आहे काय, हे पाहावे.

४. उष्णतेचा उपद्रव

जाड रबरी कव्हर फोनची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. अनेक उत्पादक फोन ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात ही मर्यादा सकाळीच ओलांडली जाते. फोन तापला की तो स्वतःस वाचविण्यासाठी पडदा मंद करतो, काम हळू करतो व प्रसंगी कॅमेराही बंद करतो. अशा वेळी कव्हर काढून फोन सावलीत ठेवावा. थंड पाण्यात वा बर्फाजवळ कदापि ठेवू नये. आत दव साचून मोठे नुकसान होते.

परीक्षा : बिनखताचा वाफा

खताची चाचणी घेताना आपण एक वाफा बिनखताचा ठेवतो. तो नसेल, तर पीक खतामुळे वाढले की पावसामुळे, हे सांगता येत नाही. कव्हराची परीक्षाही याच रीतीने करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

(अ) झाडे, इमारती व लोखंडी वस्तू यांपासून दूर, मोकळ्या जागी उभे राहावे. कव्हर असताना दोन मिनिटे थांबून वर्तुळाचा आकार व बाणाची दिशा पाहावी.

(आ) जागा न सोडता कव्हर काढावे. पुन्हा दोन मिनिटे थांबून तेच पाहावे.

(इ) कव्हर परत घालून तिसऱ्यांदा पाहावे.

कव्हर काढल्यावर दोष गेला व घातल्यावर पुन्हा आला, तर कव्हर दोषी. तीनही वेळा सारखेच दिसले, तर कव्हर निर्दोष. तिसरी पायरी गाळू नये. कारण उपग्रह सापडण्यास काही वेळ लागतोच, आणि केवळ थांबल्यामुळे झालेल्या सुधारणेचे श्रेय कव्हर काढण्याला दिले जाण्याचा संभव असतो. कव्हर निर्दोष ठरल्यास ॲपला जागा पाहण्याची परवानगी दिली आहे काय, बॅटरी बचतीची व्यवस्था चालू आहे काय, ॲप जुने तर नाही, ह्या गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पडद्यावरील काच काढल्यावर ती पुन्हा नीट बसत नाही. म्हणून आधी स्वच्छता, नंतर कव्हर, आणि सर्वांत शेवटी काच, असा क्रम ठेवावा.

कव्हर कसे निवडावे?

शेतात वापरण्यास मऊ रबरी किंवा साध्या प्लॅस्टिकचे, चारही कोपरे किंचित उंच असलेले व त्याच नमुन्याच्या फोनसाठी बनविलेले कव्हर उत्तम. दुसऱ्या नमुन्याचे कव्हर ओढूनताणून बसवू नये. त्याची छिद्रे जुळत नाहीत. धातूचे व चुंबकाचे कव्हर शेतकामास टाळावे. ज्यांच्याकडे असे कव्हर आधीच आहे त्यांनी ते फेकून देण्याचे कारण नाही. नोंद करण्यापुरते ते काढून ठेवावे व काम होताच पुन्हा घालावे. वाहनावर फोन लावण्यासाठी लोखंडी पत्र्याऐवजी चिमट्याने पकडणारे साधन वापरावे.

कार्यकर्त्यांस सूचना

गावात पीक पाहणीचे शिबिर घेताना पहिल्या दहा मिनिटांत वरील परीक्षा सर्वांसमोर करून दाखवावी. “तुमचा फोन खराब आहे” असे सांगून कोणासही नव्या फोनच्या खर्चात पाडू नये. नोंद होत नाही अशी तक्रार आली, तर ती वर कळविण्यापूर्वी कव्हर काढून एकदा प्रयत्न केल्याची खात्री करावी. आणि कव्हर निर्दोष ठरले तर तसे स्पष्ट लिहून मुदतीच्या आत तक्रार पुढे पाठवावी, म्हणजे शेतकऱ्याची हकनाक पायपीट होणार नाही.

शेतकरी बंधुभगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे : बाण चुकला तर चुंबक पाहावा, ठिपका चुकला तर धातू पाहावा, पडदा विझला तर झाकण व धूळ पाहावी, फोन तापला तर सावली पाहावी. नोंदीसाठी शेवटच्या दिवसाची वाट न पाहता मुदतीच्या आरंभीच शेतात जावे, म्हणजे असा एखादा दोष निघाला तरी तो दूर करण्यास पुरेसा अवधी हाती राहील.