नंबरप्लेटवरची शिरगणती

मे संपत आला आणि वळवाचा एक चांगला दणका बसला, की कृष्णाकाठच्या उसाच्या रानांत संध्याकाळी जमीन हलायला लागते. हुमणीचे भुंगेरे वर येतात. दिवस मावळला की बाहेर पडायचं, बांधावरच्या कडुनिंबावर नाहीतर बाभळीवर जाऊन पाला खायचा, तिथंच जोडी जमवायची आणि उजाडायच्या आत पुन्हा मातीत शिरायचं, हा त्यांचा रिवाज. त्याच दिवसांत वारुळांतून पंखवाली वाळवीही उठते. आणि हीच वेळ असते पुण्याहून निघालेल्या गाड्यांनी सातारा मागे टाकून कराडच्या दिशेनं सुटण्याची. उंब्रजच्या आसपास काचेवर पहिला ‘टप्’ होतो. पेठ नाक्याला चहासाठी उतरावं तर बंपर, जाळी, नंबरप्लेट, आरशांच्या पाठी सगळं पिवळ्या-तपकिरी ठिपक्यांनी भरलेलं.

ऊसवाल्या शेतकऱ्याला या ठिपक्यांचं दुःख नाही, उलट थोडा आनंदच. हुमणीची एक मादी पन्नास-साठ अंडी घालते आणि त्यातून निघालेल्या अळ्या उसाची मुळं कुरतडतात. म्हणून शिवारात दिवा टांगून खाली रॉकेलमिश्रित पाण्याचं घमेलं ठेवायचं, असा प्रकाश सापळा सांगली-साताऱ्यात जागोजागी लागतो. हेडलाइट लावून धावणारी मोटार म्हणजे चाकांवरचा प्रकाश सापळाच, फक्त घमेल्याच्या जागी काच.

हा सापळा किती मोठा, ते मोजू. सातारा ते सांगली, कराड-पेठ-इस्लामपूर-आष्टा मार्गे, अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. साध्या मोटारीचं तोंड दोन चौरस मीटरचं धरा. म्हणजे एका फेरीत गाडी अडीच लाख घनमीटर हवा कापत जाते. लिटरमध्ये पंचवीस कोटी. माण-खटावच्या आणि जतच्या लोकांना टँकरचं माप लगेच कळेल: दहा हजार लिटरचे पंचवीस हजार टँकर भरतील एवढी हवा. एवढ्या हवेत जे जे उडत होतं, त्यातलं बरंचसं गाडीच्या वाटेत येतं. सगळंच चिकटत नाही. हलकी चिलटं हवेच्या झोतासोबत काचेवरून वर सरकून निसटतात. जड भुंगेऱ्याला तेवढ्या वेळात वळता येत नाही, तो सरळ येऊन आदळतो.

आदळणं म्हणजे काय, तेही आकड्यांत बघण्यासारखं आहे. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. पाच मिलिमीटरचा किडा काचेवर आपल्या लांबीएवढ्या अंतरात थांबतो असं मानलं, तर तो थांबतो सेकंदाच्या सुमारे २,८०० व्या भागात, आणि त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या आठ हजार पट ताण येतो. लढाऊ विमानाच्या वैमानिकाची कसोटी नऊ पटीला लागते. भिंतीवर आपटलेल्या मोटारीचं नाक एक मीटर चेपलं गेलं तर आतल्या माणसाला चाळीस पट सोसावी लागते. उलट बाजूनं पाहिलं तर हजार किलोच्या मोटारीला एक ग्रॅमचा भुंगेरा आडवा आल्यावर तिचा वेग सेकंदाला ०.०३ मिलिमीटरनं कमी होतो. दुचाकीवाल्यानं मात्र या हिशेबावर विसंबून हेल्मेटची काच वर करू नये. डोळ्याचं वजन हजार किलो नसतं.

असे ठिपके मोजायचं डोकं सर्वांत पद्धतशीर चालवलं ते डच लोकांनी. वाखेनिंगन विद्यापीठाचे अर्नोल्ड व्हॅन व्लीट यांनी २०११ मध्ये सुमारे अडीचशे मोटारचालकांना कामाला लावलं: निघण्याआधी पुढची नंबरप्लेट पुसायची, पोचल्यावर तिच्यावरचे मेलेले किडे मोजायचे आणि अंतर लिहून पाठवायचं. सरासरी निघाली दर दहा किलोमीटरला दोन किडे. गाडीचं तोंड प्लेटच्या किमान चाळीस पट, म्हणजे किलोमीटरला आठ. नेदरलँड्समधल्या गाड्या वर्षाला सुमारे २०,००० कोटी किलोमीटर धावतात, हे धरून त्यांनी गुणाकार केला. महिन्याला १३,३०० कोटी किडे, उन्हाळी सहा महिन्यांत ८०,००० कोटी. देशाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सातव्या-आठव्या हिश्श्याएवढं!

तोच दर आपल्या रस्त्याला लावून बघा. सव्वाशे किलोमीटरला एका गाडीमागे हजार किडे. दिवसाला दहा हजार गाड्या धरल्या तर रोजचे एक कोटी. पावसाळ्याचे शंभर दिवस मोजले तर एक अब्ज. आकडा भीतीदायक वाटतो खरा, पण पृथ्वीवर कोणत्याही क्षणी जिवंत असलेल्या कीटकांचा प्रचलित अंदाज एकावर एकोणीस शून्यं असा आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त दिलेली संख्यांची नावं परार्धाला संपतात, आणि परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. जगातले किडे शंभर परार्ध. त्यांत नुसत्या मुंग्याच, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार, दोनावर सोळा शून्यं, म्हणजे तुमच्या-माझ्या वाट्याला माणशी पंचवीस लाख. आपल्या रस्त्यावरचा कल्पित एक अब्ज हा त्या सगळ्या भांडवलाचा हजार कोटीवा भाग झाला.

हवेतल्या रहदारीचंही असंच. दक्षिण इंग्लंडवर रडार लावून मोजलं तेव्हा वर्षाला साडेतीन लाख कोटी किडे, वजनानं ३,२०० टन, डोक्यावरून ये-जा करतात असं २०१६ मध्ये दिसलं. आपल्याकडे पाऊस सरताना थव्यांनी दिसणारे पिवळसर चतुर तर भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, असं चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. त्यातला एखादा कासेगावजवळ ट्रकच्या काचेवर संपला, तर त्याचा आफ्रिकेचा प्रवास तिथंच राहिला.

आता उलटा आकडा. डेन्मार्कमध्ये आंदर्स मोलर यांनी १९९७ ते २०१७ अशी वीस वर्षं रस्त्याच्या त्याच दोन तुकड्यांवर गाडी चालवून काचेवरचे किडे मोजले. एका तुकड्यावर घट ८० टक्के, दुसऱ्यावर ९७ टक्के. ब्रिटनमध्ये नंबरप्लेटवरच्या ठिपक्यांत २००४ ते २०२१ या काळात ५८.५ टक्के घट दिसली. जर्मनीत राखीव निसर्गक्षेत्रांत लावलेल्या जाळ्यांमध्ये सापडणाऱ्या उडत्या कीटकांचं वजन २७ वर्षांत तीन चतुर्थांशाहून जास्त उतरलं. तिथं तर मोटारी नव्हत्याच. मूळ कारणं रस्त्याबाहेरची आहेत: बांध आणि गवताळ पट्टे गेले, फवारण्या वाढल्या, रात्री उजळल्या. तेव्हा पेठ नाक्यावर बरबटलेली गाडी पाहून वैतागण्याआधी एवढं लक्षात असू द्यावं, की डेन्मार्कचा माणूस हे दृश्य बघायला तरसतो.

वैताग मात्र खोटा नाही. किड्याचं रक्त आपटताक्षणी रासायनिकरीत्या बदलून चिकट होतं. विमानाच्या पंखावर असे ठिपके बसले की हवेचा सुरळीत प्रवाह विस्कटतो आणि इंधन जास्त जळतं. त्यापायी नासानं दोनशेहून अधिक लेपांची मिश्रणं तपासली आणि निवडक लेप २०१५ मध्ये लुइझियानातल्या श्रेव्हपोर्टला बोइंग ७५७ च्या पंखावर लावून, मुद्दाम किड्यांच्या हवेत उड्डाणं केली. सर्वांत चांगल्या लेपानं घाण घटली सुमारे ४० टक्के. चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या संस्थेची ही गत, तर आपल्या बंपरची काय कथा!

रंगाचं नुकसान वेळेवर ठरतं. फ्लोरिडात मे आणि सप्टेंबरमध्ये ‘लव्हबग’ नावाच्या माश्यांचे थवे रस्त्यावर येतात. गाडीवर चिरडलेल्या ताज्या माशीचा सामू ६.५, म्हणजे जवळजवळ पाण्यासारखा. एक दिवस तशीच राहिली तर ४.२५. सामूच्या मोजपट्टीत हा फरक म्हणजे आम्लता पावणेदोनशे पटींनी वाढणं. आणि ते आम्ल ज्याच्यावर बसतं, तो रंगावरचा पारदर्शक क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसाहून पातळ. सकाळपासून उन्हात तापलेल्या बॉनेटवर तर सगळंच लवकर घडतं.

म्हणून ‘रविवारी वॉशिंगला टाकू’ हे धोरण या दिवसांत चुकीचं. सांगलीला पोचल्यावर बॉनेट गार होऊ द्यावं, जुना सुती कपडा पाण्यात भिजवून ठिपक्यांवर दहा-पंधरा मिनिटं पसरून ठेवावा, मग शाम्पूच्या पाण्यानं हलक्या हातानं पुसावं. भांड्यांची घासणी दूर ठेवावी. किडा जाईल, सोबत चकाकीही जाईल. कोरड्या काचेवर वायपर मारला की एका भुंगेऱ्याचा अख्ख्या काचेवर पट्टा होतो, समोरून दिवा आला की रस्ताच दिसत नाही. डिझेलचा बोळा फिरवण्याची जुनी युक्तीही काचेवर नको, तेलकट पापुद्र्यानं रात्री तोच त्रास होतो. रेडिएटरच्या पुढची जाळी विसरू नये, पण तिथं जोराची धार मारली तर बारीक पात्या वाकतात.

पुसण्याआधी मात्र एक काम करा. आपल्याकडे मोटारीची लांबट नंबरप्लेट ५०० बाय १२० मिलिमीटरची असते, म्हणजे दोन चौरस मीटर तोंडाचा साधारण तेहतिसावा भाग. साताऱ्यात ती स्वच्छ पुसून निघा, सांगलीत उतरून तिच्यावरचे ठिपके मोजा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा. डच दरानं पंचवीस यायला हवेत. दरवर्षी पहिल्या वळवानंतरच्या त्याच आठवड्यात, त्याच वेळी, त्याच वेगानं हे मोजत राहा. दहा वर्षांनी तुमच्या वहीत कृष्णाकाठच्या हवेची अशी नोंद असेल, जी कुठल्याही सरकारी कचेरीत मिळणार नाही.