घुबडही नाही, रातवाही नाही: ‘फ्रॉगमाउथ’ पक्षी नेमके कोणत्या कुळातले?

गोव्यातल्या मोले किंवा तांबडी सुर्लाच्या जंगलात दिवसा फिरताना वेलींच्या गुंत्यात अडकलेली दोन वाळकी पानं दिसतात. वाटाड्या बोट दाखवून ‘तेच ते’ म्हणतो, तरी ती पानं नसून पक्षी आहेत हे पटायला वेळ लागतो. एकमेकांना चिकटून, डोळे मिटून, चोच किंचित वर करून बसलेली ही जोडी म्हणजे श्रीलंका फ्रॉगमाउथ. राखाडी दिसतो तो सहसा नर, तांबूस ती मादी. आकार साळुंकीएवढा. फ्रॉगमाउथ म्हणजे बेडकाच्या तोंडाचा, आणि त्याने जांभई दिली की हे नाव का पडलं ते वेगळं सांगावं लागत नाही.

डोकं मोठं, डोळे पुढे आणि वावर रात्रीचा, त्यामुळे बघणाऱ्याला हे घुबडाचं पिल्लू वाटतं. पण घुबड भक्ष्य पकडतं ते पायांच्या नख्यांनी. फ्रॉगमाउथचे पाय आखूड आणि दुबळे असतात. त्याचं सगळं काम चोचीने चालतं. मग हा रातवा म्हणावा का? रात्री रस्त्यावर बसलेला आणि गाडीच्या दिव्यात डोळे चमकणारा रातवा आपल्याकडे ओळखीचा आहे. तो उडता उडता हवेतले किडे टिपतो आणि त्याची चोच अगदी इवलीशी असते. फ्रॉगमाउथची चोच रुंद, जाड आणि टोकाला वाकलेली असते. तो फांदीवर दबा धरून बसतो आणि जमिनीवरचा किंवा फांदीवरचा किडा झडप घालून उचलतो.

तरीही पक्षिशास्त्रज्ञांनी बराच काळ या दोघांना एकाच गणात ठेवलं होतं. दक्षिण अमेरिकेतले पोटू आणि ऑइलबर्ड, तसंच ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीतले आउलेट-नाइटजार हेही त्याच गणात होते. रात्री फिरणारे, मोठ्या जबड्याचे आणि झाडाच्या सालीच्या रंगाचे सगळे एका पोत्यात, असा तो साधारण हिशेब होता. यात एक फसगत होती. दिवसा लपून राहायचं असेल तर कोणत्याही पक्ष्याला सालीसारखं किंवा पानासारखंच दिसावं लागतं. अशा सारखेपणावरून नातं सिद्ध होत नाही.

हाडांची रचना आणि डीएनए तपासल्यावर हे पोतं उसवलं. सगळ्यात मोठा धक्का आउलेट-नाइटजारने दिला. फ्रॉगमाउथचा लहान भाऊ वाटणाऱ्या या पक्ष्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक पाकोळ्या आणि हमिंगबर्ड निघाले, म्हणजे जगातले सर्वांत चपळ उडणारे पक्षी. त्यामुळे काही जागतिक याद्यांनी आता फ्रॉगमाउथना स्वतःचा वेगळा गण दिला आहे. काही याद्या त्यांना अजूनही रातव्यांच्या मोठ्या गणातच धरतात. कुळाबद्दल मात्र फारसा वाद उरलेला नाही: पोडार्जिडी हे एक कुळ, त्यात तीन वंश आणि साधारण सोळा जाती.

हे तीन वंश कुठे राहतात, ते नकाशावर पाहण्यासारखं आहे. आशियाई वंश बॅट्राकोस्टोमस. त्याच्या बारा जाती भारत आणि श्रीलंकेपासून सुमात्रा, जावा, बोर्निओ आणि फिलिपिन्सपर्यंत पसरल्या आहेत. दुसरा वंश पोडार्गस. त्याच्या तीनच जाती आहेत, पण त्या अंगाने बऱ्याच मोठ्या. त्या न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियात सापडतात, आणि त्यांतली टॉनी फ्रॉगमाउथ तर उष्ण कटिबंध सोडून थेट थंड टास्मानियापर्यंत पोचली आहे. या दोन वंशांच्या मध्ये इंडोनेशियातलं सुलावेसी हे मोठं बेट येतं आणि तिथे फ्रॉगमाउथ नाहीत. एकोणिसाव्या शतकात आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी आशियाई आणि ऑस्ट्रेलियाई प्राण्यांमधली जी सीमा आखली, ती बोर्निओ आणि सुलावेसी यांच्यामधूनच जाते. हे दोन वंश इतके जुने वेगळे झालेले आहेत, की १९९० मध्ये सिबली आणि आल्क्विस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी आशियाई जातींना वेगळं कुळच देऊन टाकलं होतं. पुढे ते फारसं रुजलं नाही.

तिसऱ्या वंशाची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगायला हवी.

पॅसिफिक महासागरातल्या सॉलोमन द्वीपसमूहातल्या फ्रॉगमाउथला १९०१ मध्ये अर्न्स्ट हार्टर्ट यांनी नाव दिलं ‘इनएक्स्पेक्टॅटस’, म्हणजे अनपेक्षित. नंतर त्याला न्यू गिनीतल्या एका जातीची उपजात ठरवून यादीत तळाशी टाकण्यात आलं आणि तो तिथेच पडून राहिला. १९९८ मध्ये फ्लोरिडातल्या निसर्ग संग्रहालयाच्या संशोधकांना या बेटांवर एक नमुना मिळाला. तो नीट पाहिल्यावर लक्षात आलं, की याच्या शेपटीत आठच पिसं आहेत. इतर फ्रॉगमाउथना ती दहा ते बारा असतात. पिसांचा पोतही जास्त राठ होता. डीएनएनेही वेगळेपणाला दुजोरा दिला. २००७ मध्ये त्याच्यासाठी नवा वंश जाहीर झाला: रिजिडिपेना, म्हणजे ताठ पिसांचा. शंभर वर्षांपूर्वीचं ‘अनपेक्षित’ हे नाव असं उशिरा खरं ठरलं.

यात बदललं ते केवळ कागदावरचं नाव, असं म्हणता येईल. पण धोक्यात असलेल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत पक्ष्यांचं मूल्यमापन जातीनिहाय होतं. सॉलोमनमध्ये लाकडासाठी मोठ्या प्रमाणावर जंगलतोड झाली आहे. तिथला फ्रॉगमाउथ उपजात म्हणून गणला जात होता, तोवर न्यू गिनीतले त्याचे भाऊबंद सुखरूप असले की तोही सुखरूप धरला जाई. आज तो संपला, तर एक अख्खा वंश संपेल.

भारतात दोनच फ्रॉगमाउथ आहेत आणि त्यांच्यात मोठी फट आहे. श्रीलंका फ्रॉगमाउथ श्रीलंकेत आणि पश्चिम घाटात राहतो. त्याचा भाऊबंद हॉजसन्स फ्रॉगमाउथ सिक्कीम आणि ईशान्येकडच्या डोंगरांपासून पुढे व्हिएतनामपर्यंत. मधल्या कोरड्या भारतात यांच्यापैकी कुणीच नाही. महाधनेश आणि डोंगराळ ओढ्यांतल्या काही माशांच्या बाबतीतही अशीच फट दिसते. सुंदरलाल होरा यांनी १९४० च्या दशकात त्यावर एक उत्तर सुचवलं होतं. हवामान जास्त ओलं असताना सातपुडा आणि विंध्याच्या रांगांवर सलग दमट जंगल असावं, त्या वाटेने हे जीव पश्चिम घाटापर्यंत आले असावेत आणि पुढे मधलं जंगल सुकल्यावर दोन्ही टोकांना अडकले असावेत. सगळ्याच जीवांना ते उत्तर लागू पडतं असं नाही, आणि त्यावर आजही वाद आहे.

खूप मागे गेलं तर नकाशा आणखीच वेगळा दिसतो. जर्मनीतल्या मेसेल इथल्या खाणीत, सुमारे पावणेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात फ्रॉगमाउथच्या पूर्वज-शाखेतल्या एका पक्ष्याचे अवशेष सापडले आहेत. तेव्हा तिथेही उष्ण, दमट जंगल होतं.