विनोदी मालिकेंतील रिकामी जागा

अमेरिकेंतील ‘चीअर्स’ ही दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका २० मे १९९३ रोजीं संपली. अकरा वर्षें चाललेल्या या कथेच्या अखेरच्या प्रसंगांत बोस्टन शहरांतील मद्यगृहाचा मालक सॅम एकटाच मागें उरतो. जातां जातां तो भिंतीवर टांगलेलें जेरोनिमो या अपाची वीराचें चित्र नीट सरळ करतो, आणि आंत निघून जातो. नवख्या प्रेक्षकाला त्यांत कांहींच विशेष वाटावयाचें नाहीं. परंतु तें चित्र मूळचें निकोलस कोलासांटो या नटाच्या खोलींतील होतें, आणि कोलासांटो आठ वर्षांपूर्वींच वारले होते. त्यांच्या मागें मालिका आठ वर्षें चालली, पूर्वींपेक्षां अधिक लोकप्रिय झाली, आणि शेवटच्या घटकेस तिनें त्यांची आठवण केली.

दीर्घकाळ चालणाऱ्या विनोदी मालिकेंतून मुख्य नट अथवा नटी गेली, म्हणजे ती मालिका पुढें जिवंत राहूं शकते काय? हा प्रश्न वरवर पाहतां निव्वळ करमणुकीचा वाटतो. परंतु जीं माणसें वर्षानुवर्षें ठराविक वेळीं पडद्यावरून घरांत येतात, तीं हळूहळू घरचींच होऊन जातात. त्यांतील एखादें एकाएकीं दिसेनासें झालें म्हणजे वडील माणसांना चुकल्यासारखें होतें, आणि मुलें ‘तो कोठें गेला?’ म्हणून विचारूं लागतात. ज्यांचें पोट त्या मालिकेवर चालतें अशा लेखक, नट व कामगार यांच्यापुढें तर उपजीविकेचाच प्रश्न उभा राहतो.

रंगभूमीवर नट बदलणें ही नित्याची गोष्ट आहे. भाऊराव कोल्हटकर १९०१ सालीं निवर्तले, तेव्हां किर्लोस्कर नाटक मंडळीवर मोठाच आघात झाला. तरी १९०५ सालीं बालगंधर्व त्या मंडळींत आले आणि शकुंतलेची भूमिका करूं लागले. शकुंतला आधींच लिहून पुरी झालेली होती, म्हणून ती दुसऱ्या गळ्यांतून पुन्हां उभी राहिली. विनोदी मालिकेंतील पात्र असें पुरें झालेलें नसतें. नटाच्या कोणत्या लकबीला हंशा येतो हें पाहून लेखक पुढच्या भागाचे संवाद लिहितात, आणि दोनचार वर्षांत पात्र कोठें संपतें व माणूस कोठें सुरू होतो, हें कोणासहि सांगतां येत नाहीं.

दुसरी अडचण गणिताची आहे. मालिकेंत सहा मुख्य पात्रें असलीं, तर त्यांच्या पंधरा जोड्या होतात. विनोद या जोड्यांत असतो. अमक्यानें असें म्हटलें म्हणजे तमका काय उत्तर देईल, हें प्रेक्षकाला ठाऊक असतें, आणि त्या अपेक्षेंतूनच हंसूं फुटतें. एक पात्र गेलें म्हणजे पंधरांपैकीं पांच जोड्या मोडतात. एका माणसाबरोबर मालिकेचा तिसरा हिस्सा जातो, तो असा.

ही तूट भरून काढण्याचे तीन मार्ग आजवर योजले गेले आहेत. पहिला मार्ग म्हणजे पात्र तेंच ठेवून चेहरा बदलणें. ‘बिविच्ड’ ही मालिका अमेरिकेंत १९६४ सालीं सुरू झाली. तींत सॅमॅन्था नांवाची चेटकीण आणि तिचा साधाभोळा नवरा डॅरिन यांचा संसार होता. डॅरिनचें काम करणारे डिक यॉर्क पाठीच्या जुन्या दुखण्यानें जर्जर होऊन १९६९ सालीं बाहेर पडले, आणि त्यांच्या जागीं डिक सार्जंट आले. नवऱ्याचा चेहरा बदलला, पण कथेंत त्याविषयीं कोणी अवाक्षर काढलें नाहीं. मालिका आणखी तीन वर्षें चालून १९७२ सालीं संपली; तथापि तिचा पूर्वींचा बहर परत आला नाहीं. नवा नट वाईट होता असें नव्हे. दुसऱ्याच्या अंगासाठीं बेतलेला अंगरखा त्याला घालावा लागला, आणि प्रत्येक वाक्याला प्रेक्षक मनांतल्या मनांत तुलना करीत राहिला.

दुसरा मार्ग अधिक धाडसाचा. गेलेलें पात्र खरोखरच गेलें असें मान्य करावयाचें आणि त्या जागीं निराळ्या स्वभावाचें, निराळ्या नात्याचें माणूस आणावयाचें. ‘चीअर्स’मध्यें कोलासांटो हे कोच या विसरभोळ्या वृद्धाचें काम करीत. सॅम हा एके काळचा बेसबॉल खेळाडू आणि कोच त्याचा जुना शिक्षक. म्हणून दोघांत पितापुत्राचा जिव्हाळा होता. हृदयविकारानें खंगत चाललेले कोलासांटो अखेरच्या दिवसांत आपलीं वाक्यें विसरत व तीं रंगमंचावर ठिकठिकाणीं लिहून ठेवीत. फेब्रुवारी १९८५ मध्यें ते वारले. पुढच्या हंगामांत इंडियाना प्रांतांतून वुडी नांवाचा खेडवळ तरुण कोचला भेटावयास येतो. हे दोघे टपालानें एकमेकांस पत्रें पाठवीत नसत, नुसत्या लेखण्या पाठवीत! कोच आतां नाहीं हें त्याला सांगावें लागतें, आणि सॅम त्याला कामावर ठेवून घेतो. भोळेपणा तोच राहिला. परंतु बापाच्या जागीं धाकटा भाऊ आला, आणि सॅमला आजवर न मिळालेलें वडीलपण मिळालें.

त्याच मालिकेंतून १९८७ सालीं शेली लाँग गेल्या, तेव्हां संकट याहून मोठें होतें. कारण त्यांची सुशिक्षित, वादपटु डायन आणि सॅम यांचें प्रेमाचें भांडण हाच कथेचा कणा होता. लेखकांनीं दुसरी डायन शोधली नाहीं. सॅमनें मद्यगृह विकलें, तो जगप्रवासास निघाला, त्याची नौका बुडाली, आणि परत येऊन तो आपल्याच जुन्या दुकानांत रिबेका या नव्या व्यवस्थापिकेच्या हाताखालीं नोकर झाला, अशी रचना त्यांनीं केली. १९९०–९१ च्या हंगामांत ‘चीअर्स’ अमेरिकेंत सर्वांत अधिक पाहिली जाणारी मालिका ठरली.

कोरियांतील युद्धाच्या वेळच्या लष्करी रुग्णालयावरील ‘मॅश’ (१९७२ ते १९८३) या मालिकेनें हाच मार्ग धरला. हेन्री ब्लेक या ढिल्या पण प्रेमळ अधिकाऱ्याचें काम करणारे मॅक्लीन स्टीव्हन्सन १९७५ सालीं बाहेर पडले. कथेंत ब्लेकला घरीं जाण्याचा हुकूम येतो, सर्व जण त्याला हंसतखेळत निरोप देतात. आणि मग शस्त्रक्रिया चालू असतांना कारकून रॅडार आंत येऊन त्याचें विमान पाडलें गेल्याची व कोणीहि न वाचल्याची वार्ता सांगतो. डॉक्टरांचें काम मात्र थांबत नाहीं. अनेक प्रेक्षक संतापले. परंतु युद्धांत माणसें जातात तीं अशींच, हें त्या एका प्रसंगानें सांगितलें. ब्लेकच्या जागीं घोडदळांतून वर चढलेला शिस्तीचा कर्नल पॉटर आला. पुढें फ्रँक बर्न्स या नालायक शल्यवैद्याची जागा विंचेस्टर या गर्विष्ठ पण निष्णात शल्यवैद्यानें घेतली. प्रतिपक्षी मूर्ख होता तो हुषार झाला, म्हणून नायकालाहि आपली जीभ अधिक परजावी लागली. या मालिकेचा शेवटचा भाग साडेदहा कोटींच्या आसपास लोकांनीं पाहिला.

तिसरा मार्ग म्हणजे जागा रिकामी ठेवून वाट पाहणें. त्याचें उदाहरण मुंबईंतच आहे. ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकांतील तारक मेहता यांच्या लेखमालेवरून घेतलेली ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ ही हिंदी मालिका २८ जुलै २००८ रोजीं सुरू झाली. गोरेगांवच्या गोकुळधाम सोसायटींत गुजराती जेठालाल, मराठी भिडे मास्तर, तमिळ अय्यर अशीं कुटुंबें शेजारीं राहतात. जेठालालची पत्नी दया हें काम करणाऱ्या दिशा वकानी २०१७ सालीं बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि परत आल्या नाहींत. दया माहेरीं अहमदाबादेस गेली आहे, एवढ्यावर कथा पुढें वर्षानुवर्षें चालविली गेली. डॉ. हाथी व नट्टू काका यांचीं कामें करणारे नट अनुक्रमें २०१८ व २०२१ सालीं वारले, तेव्हां त्या भूमिका नव्या नटांस दिल्या गेल्या. दयेची मात्र दिली गेली नाहीं. मालिकेचे चार हजारांहून अधिक भाग झाले, म्हणजे ती मोडली असें कोणी म्हणणार नाहीं. तरी जेठालालच्या फजितीला घरांत जें भाबडें उत्तर मिळे तें मिळेनासें झालें, आणि दारावरची घंटा वाजली कीं प्रेक्षकाच्या मनांत आशा उठे व विरून जाई. वाट पाहावयास लावणें हा प्रेमाचा मान खरा. पण त्याची मुदत संपली म्हणजे त्याचेंच ओझें होतें.

केवळ प्रेक्षकसंख्येवरून निवाडा करूं नये. ‘टू अँड अ हाफ मेन’मधून चार्ली शीन यांना २०११ सालीं काढण्यांत आलें आणि अॅश्टन कुचर यांना घेण्यांत आलें. नव्या हंगामाचा पहिला भाग सुमारें २ कोटी ८० लाख लोकांनीं पाहिला. तो मुख्यतः कुतूहलानें. त्या भागांत गेलेल्या पात्राच्या अंत्यविधीचीहि थट्टाच केली होती. मालिका २०१५ पर्यंत चालली, परंतु ती गर्दी टिकली नाहीं. जें पात्र आठ वर्षें हंसवीत होतें त्याला जातांना एक अश्रुहि मिळूं नये, हें पाहणाऱ्याला कोठेंतरी खटकतेंच.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असें आहे, मात्र एका अटीवर. मुख्य नट गेल्यानंतर जुनी मालिका उरत नाहीं. त्याच घरांत दुसरी सुरू होते, आणि हें मान्य करणारेच टिकतात. घरीं बसून पाहणाऱ्यांसहि याची कसोटी सोपी आहे. नव्या माणसाला तीनचार भाग द्यावे, आणि त्याच्याकडे फारसें न पाहतां मागें राहिलेल्या जुन्या माणसांकडे पाहावें. त्यांना एकमेकांशीं बोलावयास कांहीं नवें सुचत असेल, तर मालिका जगली. तीं नुसतीं गेलेल्याचीं वाक्यें दुसऱ्याच्या तोंडून ऐकत बसलीं असतील, तर भाग कितीहि होवोत, दुकान उघडें असून माल संपलेला आहे असें समजावें.