आद्याक्षरांचा घोळ आणि उसाचे बिल



मागे आपले एक जुने सभासद शेतकी ऑफिसात आले. हातात उसाचे बिल. म्हणाले, "साहेब, हे 'तो. वा.' कोण? आमच्या भावकीत या नावाचं कुणी नाही, मग माझे पैसे त्याच्या नावानं का कापले?" आम्ही हसलो, तेही हसले. परंतु त्यांचे म्हणणे वाजवी होते. 'तो. वा.' म्हणजे तोडणी-वाहतूक, हा खुलासा बिलावर कोठेच नव्हता. चूक आमची. म्हणून हा लेखनप्रपंच.

आद्याक्षरे आपल्याला नवीन नाहीत. वाडवडिलांची पत्रे 'शि. सा. न. वि. वि.' ने सुरू होत, म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. ते घरातल्या पोरालाही कळे. घोळ होतो तो एकाच अक्षराला दोन-तीन कामे लावली की. 'ता.' म्हणजे तालुकाही आणि तारीखही. 'मे.' तर तीन ठिकाणी राबतो. दुकानाच्या पाटीवर तो मेसर्स, वजनाच्या पावतीवर मेट्रिक, आणि कॅलेंडरात वैशाखाच्या उन्हाचा महिना!

उसाच्या जातींचेही तसेच. 'को' म्हणजे कोइमतूर. तेथील ऊस पैदास केंद्र १९१२ सालचे. 'को ८६०३२' मधील ८६ हे १९८६ साल आणि ०३२ हा त्या सालातील अनुक्रमांक. आपण सारे ज्याला 'दोनशे पासष्ट' म्हणतो, तो खरा 'को एम ०२६५', म्हणजे २००२ सालचा ६५ नंबर. 'एम' महाराष्ट्राचा. पुढचे शून्य आपण बोलण्यात खाऊन टाकले. त्याने काही बिघडत नाही, मात्र बेणे नोंदताना पूर्ण नाव सांगावे.

खताच्या पोत्यावर मात्र एक अक्षर महागात पडते. 'एन. पी. के.' मधील 'पी' म्हणजे पालाश, असे पुष्कळ जण धरून चालतात. तसे नाही. 'पी' म्हणजे फॉस्फरस, आपले स्फुरद. पालाशचे अक्षर 'के', कारण पोटॅशियमचे लॅटिन नाव कॅलियम. डी. ए. पी. च्या ५० किलोच्या पोत्यात नत्र ९ किलो, स्फुरद २३ किलो आणि पालाश शून्य. नुसत्या डी. ए. पी. वर भिस्त ठेवली, तर उसाला पालाशचा कणही मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा, एफ. आर. पी. चा. जुनी मंडळी अजून 'एस. एम. पी.' म्हणतात. तो वैधानिक किमान दर होता. २००९-१० च्या हंगामापासून त्याच्या जागी एफ. आर. पी., म्हणजे रास्त व किफायतशीर दर आला. २०२५-२६ हंगामासाठी केंद्र सरकारने तो टनाला ३,५५० रुपये ठरविला, पण १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा त्यापुढे ०.१ टक्का वाढला की टनामागे ३४ रुपये ६० पैसे जादा.

समजा, उतारा ११.२५ टक्के. म्हणजे ३,५५० अधिक ३४६, एकूण ३,८९६ रुपये. हा दर कारखान्याच्या दारात पोहोचलेल्या उसाचा आहे. आपल्याकडे ऊस तोडून आणतो कारखाना, म्हणून तो खर्च यातून वजा होतो. तोच आपला 'तो. वा.'! तो ९०० रुपये धरला, तर हाती २,९९६ रुपये. रेडिओवर ऐकलेला आकडा आणि खात्यावर पडलेला आकडा यांत फरक दिसतो, तो यामुळे. हे पैसे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाल्यास सालीना १५ टक्के व्याज, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो.

बातम्यांतील 'एम. एस. पी.' ही आणखी निराळीच. धान्याची एम. एस. पी. म्हणजे हमीभाव. साखरेची एम. एस. पी. म्हणजे कारखान्याने साखर ज्याखाली विकू नये तो दर. तो जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये झाला. ती वाढली म्हणजे उसाचा भाव आपोआप वाढला, असे होत नाही.

येत्या बिलापासून वजावटीची प्रत्येक बाब पूर्ण शब्दांत छापण्याचे आम्ही ठरविले आहे. तरीही एखादे अक्षर अडले, तर सही करण्याआधी बेधडक विचारा. विचारण्यात कमीपणा नाही, न समजता सही करण्यात नुकसान आहे.

कळावे, लोभ असावा. (हे 'क. लो. अ.' असे लिहिण्याचा मोह आवरला आहे!)