'क्याकु' : पाहुणा की गिऱ्हाईक?

पैसे देऊन राहणारा पाहुणा ही कल्पना मराठी कानास खटकते. कारण मराठीत पाहुणा निराळा, गिऱ्हाईक निराळे. जपानीत मात्र घरी आलेला व दुकानात आलेला, दोघेही 'क्याकु'च; आदरार्थी 'ओक्याकुसामा'. 'र्योकान' या तेथील पारंपरिक पांथनिवासातील अनुभव या शब्दावाचून नीटसा उमगत नाही. उतारू दाराशी पादत्राणे उतरवितो. खोलीत चहा व गोड खाऊ येतो. रात्रीच्या जेवणानंतर तेथेच जमिनीवर अंथरूण घातले जाते. फेरफटका मारून परतताच पुष्कळदा 'ओकाएरिनासाइ' हे शब्द कानी पडतात, आणि ते तर घरी परतलेल्या माणसाच्या स्वागताचे! दर ठरलेला असतो, पैसेही घेतले जातात. तरीही यास निव्वळ व्यापारी उपचार म्हणणे उथळपणाचे होईल. व्यापारी परिभाषेतील 'कोक्याकु' म्हणजे गिऱ्हाईक, या शब्दातही तोच 'क्याकु' आहे.