लिनक्सचा आवाज गेला? आधी हे तपासा

लिनक्स संगणकावर ऑडिओ ड्रायव्हर बदलला आणि आवाज बंद पडला, की काहीजण थेट सिस्टीम नव्याने टाकायला घेतात. त्यात फाइल्स गमावण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात अनेकदा आवाज फक्त म्यूट झालेला असतो किंवा भलतीकडे जात असतो.

असे का होते?

साउंड कार्ड चालवणारे 'अल्सा' ड्रायव्हर कर्नलमध्ये असतात. त्यांच्यावरचा पल्सऑडिओ किंवा पाइपवायर हा सर्व्हर सगळ्या अ‍ॅप्सचा आवाज एकत्र करतो. उबुंटूमध्ये २२.१० आवृत्तीपासून पाइपवायर आहे. ड्रायव्हर बदलला की जुन्या सेटिंग्ज निघून जाऊ शकतात.

काय कराल?

• सेटिंग्जमध्ये 'साउंड' उघडा. आउटपुटला एचडीएमआय असेल, तर स्पीकर निवडा.

• टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' चालवा. एफ६ दाबून साउंड कार्ड निवडा. पट्टीखाली 'एमएम' दिसले, तर तो चॅनेल म्यूट आहे. 'एम' दाबा आणि वरच्या बाणाने आवाज वाढवा.

• यादीत कार्डच नसेल, तर ड्रायव्हर लोड झालेला नाही. नवा ड्रायव्हर काढा, जुना परत टाका आणि संगणक रीस्टार्ट करा.

सिस्टीम नव्याने टाकणे हा शेवटचा उपाय. तोही बॅकअप घेतल्यावरच.