डेबियनचं सभासदत्व: वर्गणी नको, काम हवं

डेबियन ही संगणकासाठीची मुक्तस्रोत कार्यप्रणाली. इयन मर्डॉक यांनी १९९३ साली हा प्रकल्प सुरू केला. आजही तो जगभरचे स्वयंसेवकच चालवतात. इथे सभासद व्हायला वर्गणी लागत नाही, आधी हातून काम व्हावं लागतं. कुणी चुका कळवतं, कुणी सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधतं, कुणी अनुवाद करतं.

असं काम काही काळ केलं, की एखादा जुना सभासद शिफारस करतो. ओळख पटवण्यासाठी उमेदवाराकडे डिजिटल किल्ली असते. जुने सभासद सहसा प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून तिच्यावर डिजिटल सही करतात. मग प्रकल्पाची तत्त्वं, कार्यपद्धती आणि उमेदवाराचं कौशल्य यांवर प्रश्नोत्तरं होतात. सभासदाला दरवर्षी प्रकल्पप्रमुख निवडण्यासाठी मताचा हक्क मिळतो.

पॅकेजं न बांधणाऱ्या कार्यकर्त्यांनाही पूर्ण सभासदत्व द्यायचं, असं २०१० साली मतदानाने ठरलं. हा निर्णय फार मोलाचा आहे. डेबियन संगणकावर बसवताना मराठी निवडता येते, तीही अशा अनुवादकांमुळेच. तुम्हाला चांगलं मराठी येत असेल, तर अनुवादापासून जरूर सुरुवात करा.